मोटारीतील ईजीआर झडपेचे दोष व त्यांचे निदान

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या दारात आज बैलजोडीच्या शेजारी, पुष्कळदा तिच्या जागीही, डिझेलवर चालणारी जीप, मोटार किंवा मालवाहू पिकअप उभी असलेली दिसते. कापूस मानवत किंवा सेलूच्या बाजारात नेणे, सोयाबीनचे बियाणे व खताच्या गोण्या आणणे, आजारी माणसास परभणीच्या दवाखान्यात पोचविणे ही सर्व कामे याच वाहनावर होतात. ऐन हंगामात असे वाहन आठ दिवस गॅरेजात पडून राहिले, तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहूनही अधिक असू शकते.

अशा वाहनांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. चालकासमोरील फलकावर एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, गाडी चढावर ओढत नाही आणि मागून काळा धूर निघतो. 'ईजीआर गेला' असे निदान होते. त्यानंतर दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर हजारो रुपये देऊन नवी झडप बसविली जाते, नाही तर जुन्या झडपेच्या तोंडावर पत्र्याची चकती आवळून ती कायमची बंद केली जाते. पहिल्या उपायानंतर काही वेळा आठवड्यातच दिवा पुन्हा लागतो, कारण दोष झडपेत नसून दुसरीकडेच असतो. दुसऱ्या उपायाने दोष केवळ झाकला जातो. दोन्ही प्रसंगी तपासणीपूर्वीच निर्णय दिला गेलेला असतो. म्हणून या झडपेचे कार्य काय, ती कशी बिघडते आणि तिचा दोष इतर दोषांपासून वेगळा कसा ओळखावा, याची माहिती वाहनधारक शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

ईजीआर म्हणजे काय?

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंपैकी काही भाग पुन्हा एंजिनाच्या आत सोडण्याच्या व्यवस्थेस ईजीआर असे म्हणतात. बाहेर टाकलेला धूर पुन्हा आत का घ्यावा, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर हवेच्या घटकांत आहे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू व २१ टक्के प्राणवायू असतो. नेहमीच्या उष्णतामानात हे दोन वायू एकमेकांशी संयोग पावत नाहीत. परंतु एंजिनाच्या सिलिंडरात इंधन जळत असताना ज्वालेचे उष्णतामान सुमारे १,५०० अंश सेल्सियसच्या पुढे चढले, म्हणजे त्यांचा संयोग झपाट्याने होऊ लागतो व नत्राची ऑक्साइडे तयार होतात. ही ऑक्साइडे श्वासमार्गास अपायकारक आहेत.

जळून बाहेर पडलेल्या वायूत प्राणवायू कमी असतो व कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ अधिक असते. हा वायू थोड्या प्रमाणात ताज्या हवेत मिसळला, तर तो स्वतः जळत नाही, उलट उष्णता शोषून घेतो. घरातील आगटी फार भडकू नये म्हणून तीवर राख पसरतात, तसाच हा प्रकार आहे. ज्वाला मंदावते, उष्णतामान उतरते व नत्राची ऑक्साइडे कमी निर्माण होतात. मात्र राख बेताचीच हवी. ती कमी पडली तर आगटी भडकते आणि फार झाली तर धुमसू लागते. एंजिनातही हेच घडते. ईजीआर झडपेचे बहुतेक सर्व दोष 'फार कमी' किंवा 'फार जास्त' या दोन शब्दांत सामावतात.

शेतीशी या झडपेचा संबंध

मोटारीच्या धुरावरील नियंत्रणाचा इतिहास शेतीशी जोडलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या परिसरात १९४० नंतरच्या दशकात पालेभाज्या व चाऱ्याच्या पिकांच्या पानांवर चंदेरी व तांबूस डाग पडून पिके खराब होऊ लागली. रोग किंवा कीड यांपैकी कोणतेच कारण जुळेना. आरी हागेन-स्मिट या मूळच्या हॉलंडमधील वनस्पति-रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास या प्रश्नाचा अभ्यास केला. नत्राची ऑक्साइडे व इंधनाची न जळलेली वाफ यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत ओझोन वायू तयार होतो, असे त्याने दाखवून दिले. वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन उपकारक आहे. जमिनीलगतचा ओझोन मात्र पानांच्या रंध्रांतून आत शिरून पेशींस इजा करतो. पुढे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मोटारींवर ईजीआर झडप बसविण्यात येऊ लागली.

ओझोनला संवेदनक्षम असणाऱ्या पिकांत सोयाबीन, गहू व कापूस यांची गणना होते. परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याची तर ही नित्याचीच पिके आहेत. तेव्हा ही झडप केवळ शहरातील लोकांसाठी आहे, ही समजूत बरोबर नाही.

आपल्या देशात भारत स्टेज ४ ची मानके १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज ६ ची मानके १ एप्रिल २०२० पासून सर्वत्र लागू झाली. त्यामुळे अलीकडच्या डिझेल मोटारींत व पिकअपमध्ये ही व्यवस्था बहुधा असतेच. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक मानके लागू झाल्याने त्यांपैकी अनेकांतही ती आली आहे. त्याहून लहान अनेक ट्रॅक्टरांत मात्र ती नसते. आपल्या वाहनात ती आहे किंवा नाही, हे वाहनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहून निश्चित करावे.

व्यवस्थेचे भाग

या व्यवस्थेचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे असतात.

(१) झडप : ही धुराच्या नळीतून हवेच्या नळीकडे जाणारी वाट उघडते व मिटते. जुन्या वाहनांत ती निर्वात नळीच्या ओढीने चालते, नव्या वाहनांत लहानशा विजेच्या मोटारीने चालते.

(२) कूलर : धूर आत जाण्यापूर्वी त्यास थंड करणारा भाग. यात बारीक नळ्या किंवा पातळ पत्र्यांचे थर असतात. त्यांच्या एका बाजूने धूर व दुसऱ्या बाजूने रेडिएटरचे कूलंट वाहते.

(३) सेन्सर : झडप किती उघडली आहे हे सांगणारा एक, व एंजिनात किती ताजी हवा शिरते हे मोजणारा दुसरा. हा दुसरा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे नळीत बसविलेला असतो.

(४) नियंत्रक : एंजिनाचा संगणक. झडप केव्हा व किती उघडावी हे तो ठरवितो.

एंजिन गार असताना व पूर्ण भार ओढत असताना झडप बहुधा मिटलेली असते. एंजिन तापल्यावर, हलक्या व मध्यम भारावर ती उघडते. झडप उघडली की तितक्या प्रमाणात ताजी हवा कमी आत येते. ही घट हवा मोजणाऱ्या सेन्सरकडून संगणकास कळते आणि तीवरून झडपेने काम केले किंवा नाही हे तो अजमावतो. हे नीट ध्यानात घ्यावे. पुष्कळ वाहनांत संगणक धूर प्रत्यक्ष मोजीत नाही, ताज्या हवेच्या घटीवरून तर्क करतो. हवा मोजणारा सेन्सरच चुकला तर तर्कही चुकतो आणि निर्दोष झडपेवर ठपका येतो.

दोषांचे चार प्रकार

पहिला प्रकार : झडप उघडी अडकणे. धुरातील काजळी व एंजिनातील वंगण तेलाची वाफ मिळून डांबरासारखा चिकट थर तयार होतो. तो झडपेच्या दांड्यावर व बैठकीवर साचला की झडप पूर्ण मिटत नाही. नको त्या वेळी धूर आत शिरतो व प्राणवायू कमी पडतो. सकाळी गाडी चालू होण्यास त्रास देणे, जागेवर उभी असताना एंजिन थरथरणे किंवा बंद पडणे, ओढ कमी होणे व वेग वाढविताना काळा धूर निघणे ही याची लक्षणे होत.

दुसरा प्रकार : झडप मिटलेली अडकणे किंवा वाट काजळीने बुजणे. डिझेल गाडीच्या चालकास यात बहुधा काहीच जाणवत नाही. क्वचित एंजिनाचा ठोका किंचित कडक वाटतो. दिवा तेवढा लागतो. पेट्रोलच्या ज्या एंजिनांत ही व्यवस्था असते, त्यांत भार घेताना खडखड असा आवाज येऊ शकतो.

तिसरा प्रकार : कूलर फुटणे. आतील नळीस चीर पडली की कूलंट धुराच्या वाटेत झिरपते. बाहेर कोठेही गळती नसता कूलंट वरचेवर कमी होते व एंजिन तापल्यावरही पांढरा, काहीसा गोडसर वासाचा धूर निघत राहतो. चारही प्रकारांत हा सर्वांत घातक होय. गाडी उभी असताना कूलंट झिरपून सिलिंडरात साचले व तशीच गाडी चालू केली, तर द्रव दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि संपूर्ण एंजिन उतरविण्याची वेळ येते.

चौथा प्रकार : विजेचा किंवा निर्वात नळीचा दोष. तार तुटणे, जोडणीत गंज चढणे, रबरी नळीस भेग पडणे यांमुळे निर्दोष झडपही हालत नाही. धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या राहणाऱ्या वाहनांत उंदरांनी तारा व नळ्या कुरतडण्याचे प्रकार नेहमी घडतात. पावसाळ्यात वाहन बरेच दिवस उभे राहिले असल्यास प्रथम इकडेच लक्ष द्यावे.

झडपेसारखी लक्षणे देणारे इतर दोष

काळा धूर व कमी ओढ ही लक्षणे एकट्या ईजीआर झडपेची नव्हेत. डिझेलच्या प्रमाणात हवा कमी पडली, मग ती कोणत्याही कारणाने असो, की काळा धूर निघतोच. पुढील कारणे आधी तपासावीत.

एअर फिल्टर तुंबणे. जिल्ह्यातील काळ्या मातीची उन्हाळी धूळ फार बारीक असते. मळणीच्या दिवसांत भुसाही उडतो. शहरातील गाडीसाठी सांगितलेली फिल्टरची मुदत येथे पुरेलच असे नाही.

टर्बोची नळी सुटणे किंवा फाटणे. यात गाडीवर भार आला की फुसकारा किंवा शिटीसारखा आवाज येतो व काळा धूर निघतो. परंतु जागेवर एंजिन बहुधा शांत चालते. झडप उघडी अडकली असेल तर जागेवरही एंजिन थरथरते. हा भेद उपयोगी पडतो.

नोझल बिघडणे. यात एखादा सिलिंडर नीट काम करीत नाही व धुरास कच्च्या डिझेलचा वास येतो.

हवा मोजणाऱ्या सेन्सरवर धूळ किंवा तेल बसणे. यामुळे संगणकाचा हिशेब चुकतो, हे वर सांगितलेच आहे.

हेड गॅस्केट जळणे. यातही कूलंट कमी होते व पांढरा धूर निघतो. परंतु गार एंजिन चालू करताच रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येऊ लागतात व नळ्या लवकर टणक होतात. कूलर बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे.

निळसर धूर निघत असल्यास वंगण तेल जळत आहे असे समजावे. टर्बो, पिस्टनच्या कड्या किंवा झडपांची सिले यांकडे तो बोट दाखवितो.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करून खर्चाच्या गोष्टींकडे न्यावी. हा क्रम मोडला म्हणजे पैसा जातो.

पायरी पहिली : माहिती नोंदविणे. दिवा केव्हा लागला, गाडी गार असताना की तापल्यावर, भरलेली की रिकामी, धुराचा रंग कोणता, गेल्या महिन्यात कूलंट किती वेळा भरले, तेलाची पातळी किती, डिझेल कोठे भरले, या गोष्टी एका कागदावर लिहून मिस्त्रीकडे न्याव्यात. पिकावरील रोगाचे निदान करताना पेरणीची तारीख, पाणी व खत यांची विचारणा होते, तसेच हे आहे. निम्मे निदान या कागदातच असते.

पायरी दुसरी : गार एंजिनाची पाहणी. एअर फिल्टर काढून पाहावा. फिल्टरपासून टर्बोपर्यंत व तेथून एंजिनापर्यंतच्या प्रत्येक नळीवरून हात फिरवावा, क्लिपा आवळून पाहाव्यात. नळीवर तेलाचा ओला डाग व त्यावर धूळ दिसली, तर तेथे गळती असण्याचा संभव असतो. ईजीआर झडपेच्या तारा, जोडणी व रबरी नळी पाहावी. कूलंटची पातळी खुणेशी ताडून पाहावी. रेडिएटरचे झाकण तापलेल्या एंजिनावर कदापि उघडू नये.

पायरी तिसरी : स्कॅनर लावणे. चालकाच्या पायाजवळ, फलकाच्या खाली १६ टाचण्यांची एक जोडणी असते. तिला स्कॅनर लावला की संगणकाने नोंदविलेला दोषांक वाचता येतो. ईजीआरविषयीचे नेहमीचे दोषांक असे आहेत :

पी ०४०० : धुराच्या प्रवाहात दोष.
पी ०४०१ : प्रवाह अपुरा.
पी ०४०२ : प्रवाह प्रमाणाबाहेर.
पी ०४०३ : झडपेच्या विद्युत मंडलात दोष.
पी ०४०४ : झडपेची हालचाल अपेक्षेप्रमाणे नाही.
पी ०४०५ व पी ०४०६ : झडपेच्या सेन्सरचा संकेत अनुक्रमे फार कमी किंवा फार जास्त.

दोषांक म्हणजे निदान नव्हे. ती तक्रार होय. 'पी ०४०१' चा अर्थ 'झडप बदला' असा नसून 'अपेक्षेइतका धूर आत गेलेला दिसत नाही' एवढाच आहे. वाट बुजली असेल, तार तुटली असेल, निर्वात नळी फाटली असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. अंक पुसण्यापूर्वी तो लिहून घ्यावा. पुसल्यावर काही दिवसांनी तोच अंक परत येतो की दुसरा, यावरूनही पुष्कळ कळते.

पायरी चौथी : झडपेची चालती परीक्षा. एंजिन तापवून जागेवर चालू ठेवावे व स्कॅनरवरून झडपेस उघडण्याचा आदेश द्यावा. निर्वातावर चालणाऱ्या झडपेस हातपंपाने ओढ द्यावी. येथे तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. झडप प्रत्यक्ष हालली काय? ताज्या हवेचा आकडा उतरला काय? एंजिनाचा आवाज बदलला काय?

झडप हालली व हवेचा आकडा उतरला, तर झडप व वाट दोन्ही ठीक आहेत असे समजून दोष दुसरीकडे शोधावा. झडप हालली पण आकडा जागचा हलला नाही, तर वाट बुजलेली आहे किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकत आहे. झडप हाललीच नाही, तर प्रथम तिच्यापर्यंत वीज किंवा निर्वात पोचतो की नाही हे तपासावे. तो पोचत असूनही ती हालत नसेल, तरच झडप अडकली आहे. निर्वाताच्या झडपेत हातपंपाची ओढ टिकत नसल्यास आतील पडदा फाटला आहे. तेथे साफसफाईचा उपयोग नाही, झडपच बदलावी लागते.

पायरी पाचवी : शंका उरल्यास. झडप उघडी राहते असा संशय असून खात्री पटत नसेल, तर माहीतगार मिस्त्रीने तपासणीपुरती वाट बंद करून एंजिन चालवून पाहावे. तरीही काळा धूर तसाच राहिला तर झडप निर्दोष आहे. परीक्षा संपताच चकती काढून टाकावी.

झडप साफ करताना

झडप अडकली आहे असे ठरले म्हणजे ती लगेच बदलावी लागते असे नाही. पुष्कळ वेळा साफसफाईने ती पुन्हा चालू होते. मात्र काढताना आत काय दिसते ते पुसण्यापूर्वी नीट पाहावे. कोरडी, भुकटीसारखी काजळी असल्यास ती नेहमीचीच समजावी. थर तेलकट व ओला असल्यास तेल अधिक येत आहे, म्हणून टर्बो व एंजिनाची श्वासनळी तपासावी. भाग पाण्याने धुतल्यासारखा स्वच्छ किंवा पांढुरका ओलसर दिसल्यास कूलर फुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी कूलर उतरवून दाबाखाली तपासल्याशिवाय गाडी चालवू नये.

साफसफाईचे काम एंजिन पूर्ण गार झाल्यावर व बॅटरीची तार सोडवून करावे. काजळी मऊ करणारे, याच कामासाठी मिळणारे द्रावण वापरावे. खरवडण्यास लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी. लोखंडी पात्याने बैठकीवर ओरखडे पडतात व झडप पुन्हा नीट मिटत नाही. विजेची मोटार असलेला भाग द्रावणात बुडवू नये. दांडा जोराने ओढू किंवा पिळू नये. काजळीचे खडे एंजिनाच्या नळीत पडू देऊ नयेत. जोडताना गॅस्केट नवे घालावे. अनेक गाड्यांत झडपेची 'मिटलेली' व 'उघडी' अवस्था स्कॅनरवरून संगणकास पुन्हा शिकवावी लागते. ही एक पायरी राहून गेल्याने साफ केलेली झडपही निकामी ठरविली जाते.

साफ केल्यावर थोड्याच दिवसांत झडप पुन्हा भरली, तर काजळी किंवा तेल कोठून येते याचा शोध घ्यावा. उगम तसाच ठेवून नवी झडप बसविली, तर तीही त्याच वाटेने जाईल.

चकती का ठोकू नये?

झडपेवर चकती आवळली की काळा धूर कमी होतो व गाडी हलकी वाटते, असा काही चालकांचा अनुभव आहे. तो खोटा नाही. उघड्या अडकलेल्या झडपेतून येणारा धूर बंद झाल्यावर तसे वाटणारच. परंतु तेवढाच लाभ झडप साफ केल्यानेही होतो.

चकतीमुळे सिलिंडरातील उष्णतामान वाढते व नत्राची ऑक्साइडे अधिक निघतात. ती डोळ्यांस दिसत नाहीत, म्हणून धूर स्वच्छ झाला असा भास होतो. डिझेल गाडीच्या नेहमीच्या धूरतपासणीत धुराची गडदता मोजली जाते, ही ऑक्साइडे मोजली जात नाहीत. तेव्हा त्या तपासणीत गाडी उत्तीर्ण झाली, म्हणजे चकती निरुपद्रवी ठरली असे होत नाही. भारत स्टेज ६ च्या गाड्यांत संगणक ही गोष्ट ओळखतो, दिवा कायम ठेवतो व काही गाड्यांत एंजिनाची शक्तीही मर्यादित करतो. फुटलेल्या कूलरच्या बाबतीत तर चकती लावल्याने बाहेरचे लक्षण कमी होते आणि कूलंटची गळती आत चालूच राहू शकते. हा धोका सर्वांत मोठा आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० (२) अन्वये हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणे हा अपराध आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दोष होऊ नयेत म्हणून दक्षता

(१) रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. ते बहुधा जड असते. त्यातील क्षार कूलरच्या बारीक वाटांत बसतात, धातू जागोजाग अधिक तापतो व त्यास चिरा पडतात. परभणीस मे महिन्यात उष्णतामान ४० अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत तर ही दक्षता अधिकच आवश्यक आहे. पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच सांगितलेल्या प्रमाणात वापरावे.

(२) बाजाराच्या आवारात पाळीची वाट पाहताना तासन् तास एंजिन चालू ठेवू नये. जागेवर चालणाऱ्या गार एंजिनात काजळी अधिक साचते.

(३) केवळ गाव ते शेत अशा तुटपुंज्या फेऱ्या करणाऱ्या गाडीस मधून मधून लांबच्या रस्त्यावर न्यावे. परभणीहून जिंतूर किंवा गंगाखेडपर्यंतची सुमारे ४० किलोमीटरची, एका लयीतील फेरी एंजिन पुरते तापण्यास पुरेशी होते.

(४) वंगण तेल सांगितलेल्या प्रतीचे वापरावे, मुदतीत बदलावे व खुणेपेक्षा जास्त भरू नये. जास्त भरलेले तेल वाफेच्या रूपाने हवेच्या नळीत जाते.

(५) धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वरचेवर पाहावा. तो झटकून पुन्हा पुन्हा वापरण्यापेक्षा वेळेवर बदलणे स्वस्त पडते.

(६) डिझेल विश्वासाच्या पंपावरून घ्यावे. पिंपात साठविलेले डिझेल टाकताना तळातील पाणी व गाळ टाकीत जाऊ देऊ नये.

(७) भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी धरून ठेवणारी चाळणी असते. ईजीआर बिघडून काजळी वाढली की ही चाळणीही लवकर भरते. तिची किंमत झडपेहून बरीच अधिक असते. म्हणून दिवा लागलेला असताना महिनोन् महिने गाडी तशीच चालवू नये.

समारोप

उभे पीक पिवळे पडले म्हणून जाणता शेतकरी लगेच दुकानात जाऊन औषध आणीत नाही. तो पान उलटून पाहतो, मुळाशी माती उकरतो, पाणी साचले काय हे पाहतो. पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा, पाणथळपणाचा की रोगाचा, हे ठरल्याशिवाय खर्च करीत नाही. मोटारीच्या बाबतीतही हीच रीत ठेवावी. फलकावरील दिवा हे पिवळे पान होय. ते पाहून थांबावे, नोंद करावी, क्रमाने तपासावे व मगच खर्च करावा.

मिस्त्रीने झडप बदलण्यास सांगितल्यास दोषांक कोणता आला, झडप आदेश दिल्यावर हालली काय आणि ताज्या हवेचा आकडा उतरला काय, हे तीन प्रश्न शेतकरी बंधूंनी त्यास विचारावेत. कसबी मिस्त्री त्यांची उत्तरे आनंदाने देईल. उत्तरे मिळेपर्यंत नवी झडप विकत घेऊ नये व जुन्या झडपेवर चकतीही ठोकू देऊ नये. कूलंट कमी होत असेल व पांढरा धूर निघत असेल, तर मात्र या प्रश्नांसाठीही न थांबता गाडी ताबडतोब उभी करावी.